स्पॅनिश किंडरगार्टन आणि घरातली मराठी: पहिल्या वर्षाची क्रमवार तयारी

इथे अमेरिकेत ऑगस्टमध्ये शाळा सुरू होते आणि सप्टेंबर संपायच्या आत मला मराठी आई-बाबांचे फोन यायला लागतात. मुलगी वर्गात तोंडच उघडत नाही. मुलगा 'ए'ला 'ई' वाचतो. फोटो पाठवा अशी चिठ्ठी आली आहे, पण कशासाठी ते कळत नाही. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी एकच प्रश्न: घरी आता मराठी बंद करू का?

माझी दोन्ही मुलं कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश-इंग्रजी सरकारी शाळेत शिकतात आणि मी आठवड्यातून एकदा किंडरगार्टनच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या, वर्गात मदतीला जाते. मला दिसलेल्या बहुतेक चुका मुलांच्या नाहीत. आपण पालक योग्य गोष्टी चुकीच्या वेळी किंवा उलट्या क्रमाने करतो. म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर टप्पा १ आणि २ बद्दल शाळेच्या ऑफिसात विचारून घ्या, बाकीचं सगळीकडे लागू पडेल.

टप्पा १: अर्ज भरण्याआधी प्रमाण विचारा

'द्विभाषिक' या एका शब्दाखाली वेगवेगळे वर्ग चालतात. ९०:१० पद्धतीत किंडरगार्टनचा जवळजवळ सगळा दिवस स्पॅनिशमध्ये जातो, इंग्रजी दर वर्षी थोडी थोडी वाढते आणि चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्यावर येतात. ५०:५० मध्ये पहिल्या वर्षापासूनच वाटणी समान असते. मूल इंग्रजी वाचायला कधी लागेल, हे या प्रमाणावर ठरतं. ९०:१० मध्ये पहिली-दुसरीपर्यंत इंग्रजी वाचन शेजारच्या मुलांपेक्षा मागे दिसणं अपेक्षितच असतं. ते सोसण्याची तुमची तयारी आहे का, हे घरात आधी बोलून घ्या. दुसरीत घाबरून मूल काढून घेतलं, तर त्याला ना धड स्पॅनिश येते ना वेळेवर इंग्रजी, आणि हे होताना मी पाहिलं आहे.

वर्गात घरी स्पॅनिश बोलणारी मुलं किती असतात, हेही विचारा. अशी मुलं भरपूर असतील तर तुमचं मूल डबा खाताना आणि घसरगुंडीवरही स्पॅनिश ऐकतं. नसतील तर सगळी स्पॅनिश एकट्या शिक्षिकेच्या तोंडून येते.

जपा: बहुतेक शाळांत प्रवेश किंडरगार्टन किंवा पहिलीतच मिळतो. पुढे यायचं तर स्पॅनिशची चाचणी द्यावी लागते. 'एक वर्ष थांबून बघू' म्हणण्याआधी तुमच्या शाळेचा नियम विचारा. जागा कमी असतील तर सोडत निघते आणि तिची तारीख शाळा सुरू होण्याच्या कित्येक महिने आधीची असते. १ सप्टेंबरपर्यंत मुलाला पाच वर्षं पूर्ण व्हायला हवीत.

टप्पा २: घरभाषेचा फॉर्म खरा भरा

प्रवेशाच्या कागदांत घरात कोणती भाषा बोलता हे विचारणारा फॉर्म असतो. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलायला लागलं, घरी ते जास्त काय बोलतं, तुम्ही त्याच्याशी काय बोलता, घरातली मोठी माणसं आपसांत काय बोलतात, असे चार प्रश्न. इथे आपली माणसं दोन प्रकारे चुकतात. काही जण मुलाला 'मागास' ठरवतील या भीतीने सगळीकडे इंग्रजी लिहितात. काही जण, शाळेला बरं वाटेल म्हणून, स्पॅनिशही लिहून टाकतात.

मराठी असेल तर मराठी लिहा. मग प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत मुलाची इंग्रजीची एक प्राथमिक चाचणी होते. इंग्रजी कमी पडली तर मुलावर 'इंग्रजी शिकणारा' असा शिक्का लागतो आणि शाळेला इंग्रजीसाठी वेगळी मदत द्यावी लागते. पुढे दर वर्षी चाचणी होते आणि इंग्रजी पुरेशी झाली की तो शिक्का निघतो. बुद्धिमत्तेशी याचा काही संबंध नाही.

टप्पा ३: उन्हाळ्यात स्पॅनिशचे क्लास नकोत, सहा वाक्यं हवीत

रंग, प्राणी, वीसपर्यंत आकडे पाठ करून घेण्यात लोक पूर्ण उन्हाळा घालवतात. हे सगळं वर्गात पहिल्या दोन महिन्यांत खेळातून होतं. पहिल्या दिवशी मुलाला खरी गरज असते ती स्वतःची अडचण सांगता येण्याची. एवढंच करून घ्या:

पुएदो इर आल बान्यो? — शू-शीला जाऊ का?
आग्वा, पोर फाबोर. — पाणी द्या ना.
आयूदामे. — मला मदत करा.
नो एन्तिएन्दो. — मला कळलं नाही.
मे दुएले ला पान्सा. — माझं पोट दुखतंय.
मे यामो… — माझं नाव…

ही वाक्यं पाठांतरासारखी म्हणवून घेऊ नका. घरात बाथरूमला जाताना, पाणी मागताना वापरा. सोबत मराठीत दुसरी तयारी करा: डबा स्वतः उघडणं, जॅकेटची चेन लावणं, एका जागी दहा मिनिटं गोष्ट ऐकणं. डबा उघडत नाही म्हणून उपाशी बसलेलं मूल कुठल्याच भाषेत शिकत नाही.

इथे थांबून पाहा: मूल पहिलं वाक्य न आठवता, घाईच्या वेळी आपोआप म्हणतंय का? नसेल तर बाकीची पाच बाजूला ठेवा आणि त्याच एकावर राहा.

टप्पा ४: पहिले आठ-दहा आठवडे, मुलाला गप्प राहू द्या

नवीन भाषेत मूल आधी ऐकतं, मग समजतं आणि बऱ्याच उशिरा बोलतं. काही मुलं दोन-तीन आठवड्यांत शब्द टाकायला लागतात, काही दिवाळीपर्यंत शांत असतात. वर्गात हे गृहीतच धरलेलं असतं. शिक्षिका हातवारे करते, चित्र दाखवते, 'लेबान्तेन्से' म्हणत स्वतः उभी राहते, आणि मुलं तिच्यासारखं करतात. रोज सकाळी गालिच्यावर बसून तोच वार, तीच तारीख, तेच हवामान: 'ओय एस लुनेस', आज सोमवार आहे. ही पुनरावृत्ती बाहेरून कंटाळवाणी दिसते, पण त्या ओळखीच्या साच्यातच मूल पहिला शब्द टाकायचं धाडस करतं.

या काळातली सगळ्यात मोठी चूक गाडीतच होते. मूल सीटवर बसलं की आपण विचारतो, 'आज स्पॅनिशमध्ये काय शिकलास? म्हणून दाखव.' दिवसभर मेहनत करून दमलेल्या मुलाची ती परीक्षा ठरते. त्याऐवजी मराठीत विचारा: आज कोणाच्या शेजारी बसलास? डब्यातलं काय संपवलंस? बाहेर काय खेळलात? ते मराठीत सांगता सांगता एखादा स्पॅनिश शब्द आपोआप येईल. आला की आनंदाने ऐका, पुन्हा म्हणायला लावू नका.

आणि तो शेवटचा प्रश्न. नाही, घरी मराठी बंद करू नका. पाच वर्षांच्या मुलाला 'का', 'म्हणून', 'आधी', 'नंतर', 'जर-तर' हे सगळं ज्या भाषेत कळतं, ती भाषा मराठी आहे. स्पॅनिशचे शब्द त्या कळण्यावर येऊन बसतात. घरात अचानक मोडकी स्पॅनिश किंवा निम्मी इंग्रजी सुरू केलीत तर मुलाकडून एकमेव पक्की भाषा काढून घेतली जाते, आणि आजी-आजोबांशी बोलणंही तुटतं. रोज रात्री एक गोष्ट मराठीत, अगदी शांतपणे, प्रश्न विचारत वाचा. या वर्गात घरून यापेक्षा मोठी मदत होऊ शकत नाही.

जपा: शाळेत गप्प पण घरी बडबड करणारं मूल बहुतेक वेळा ठीक असतं. घरी मराठीतही शब्द फार कमी असतील, सूचना कळत नसतील, हाक मारल्यावर वळत नसेल, तर 'तीन भाषांमुळे होतंय' म्हणून थांबू नका. आधी डॉक्टरांकडे जाऊन कान तपासा आणि शाळेकडे भाषा-तपासणीची लेखी मागणी करा. घरी बडबडणारं मूल शाळेत कित्येक महिन्यांनंतरही कुठल्याच भाषेत, मित्रांशीसुद्धा बोलत नसेल, तर तेही शिक्षिकेशी आणि डॉक्टरांशी बोला.

टप्पा ५: वाचन, इथे बाराखडी कामाला येते

स्पॅनिश वाचन अक्षरांच्या नावांपासून सुरू होत नाही, स्वरांपासून होतं. पाच स्वर: आ, ए, ई, ओ, ऊ. प्रत्येकाचा उच्चार ठरलेला, कुठेही बदलत नाही. मग एकेक व्यंजन त्या स्वरांना जोडायचं: मा, मे, मी, मो, मू. पा, पे, पी, पो, पू. मग सा, ला, ता. या तुकड्यांना सिलाबा म्हणतात. ते जोडून शब्द: मे-सा म्हणजे टेबल, सो-पा म्हणजे सूप, पा-तो म्हणजे बदक. 'ब्ला', 'प्रो', 'त्रे' असे जोडाक्षरांसारखे तुकडे सगळ्यात शेवटी. बाराखडी गिरवलेल्या माणसाला हे नवं नाही. मी पहिल्यांदा वर्गात बसले तेव्हा भिंतीवरचा तो तक्ता पाहून मला माझी पहिलीची पाटी आठवली.

मग मुलं चुकतात कुठे? आपण घरी आधीच इंग्रजी एबीसीडीचं गाणं पक्कं करून पाठवतो. इंग्रजीत पहिल्या स्वराचं नाव 'ए', दुसऱ्याचं 'ई', तिसऱ्याचं 'आय'. स्पॅनिशमध्ये तीच अक्षरं 'आ', 'ए', 'ई'. म्हणजे मुलाने 'मेसा' हा शब्द बघितला की डोक्यातलं इंग्रजी नाव त्याच्याकडून 'मीसा' वाचवतं. ही गाठ सोडवायला वर्गात काही महिने जातात.

क्रम असा ठेवा. आधी पाच स्वरांचे उच्चार देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा, खाली रोमन अक्षर. मूल ते बघून नाही, तुम्ही बघून बोलावं म्हणून. मग शाळेतून जी सिलाबा आली असेल फक्त तीच, रोज पाच मिनिटं. पुढची आठवडाभर आधी शिकवू नका. इंग्रजी अक्षरांची नावं शाळा शिकवेल तेव्हा येऊ द्या.

आता तुमचे स्वतःचे उच्चार, कारण गृहपाठ तुम्ही वाचून दाखवणार. इथे मराठी माणसाला मोठी सोय आहे. स्पॅनिश 'त' आणि 'द' दाताला जीभ लावून म्हणायचे, आपल्यासारखेच. इंग्रजीच्या सवयीने आपण 'टाको', 'टोमाटे' म्हणतो. म्हणायचं 'ताको', 'तोमाते'. 'प', 'त', 'क' मध्ये हवा नाही, तेही आपल्याला आयतं जमतं. थोडं लक्ष इथे द्या: 'एच' एकटा असला की उच्चारायचा नाही, म्हणून 'ओला', म्हणजे हॅलो. 'जे' घशातून आलेल्या 'ह'सारखा, म्हणून 'हाबोन' म्हणजे साबण. दोन 'एल' एकत्र आले की 'य', म्हणून 'याबे' म्हणजे चावी. 'व्ही' आणि 'बी' दोन्ही 'ब'. 'क्यू-यू' नंतर 'ए' किंवा 'ई' आला की सरळ 'के', 'की'. 'केसो' म्हणजे चीज, 'क्वेसो' नाही. एक 'आर' आणि दोन 'आर' वेगळे: 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला 'एन' हे स्वतंत्र अक्षर आहे, उच्चार 'न्य'. ती रेघ गाळली की शब्दच बदलतो.

साबण, चावी हे शब्द ऐकून ओळखीचं वाटलं असेल. पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आलेल्या शब्दांची भावंडं स्पॅनिशमध्ये जागोजागी भेटतात: बादली आणि बाल्दे, पाव आणि पान, पगार आणि पागार, म्हणजे पैसे देणं. मुलांना अशा जोड्या शोधायला फार आवडतं. आमच्याकडे त्यांची यादी कपाटाच्या दारावर आहे.

इथे थांबून पाहा: जानेवारीच्या सुमारास मुलाने पाच स्वर न अडखळता ओळखावेत आणि दोन सिलाबांचे सोपे शब्द जोडून वाचावेत. स्वरच कच्चे असतील तर व्यंजनं थांबवा.

टप्पा ६: वाक्यरचना समजावताना इंग्रजीमार्गे जाऊ नका

गृहपाठात 'मे गुस्ता' आलं की आपण म्हणतो, म्हणजे 'आय लाइक'. तिथेच घोटाळा होतो. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे तंतोतंत 'मला आंबा आवडतो'. आंबे अनेक असतील तर 'मे गुस्तान लोस मांगोस', 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं, दोन्ही भाषांत. 'मे दुएले' म्हणजे 'मला दुखतंय', त्याच घडणीचं. 'तेंगो आम्ब्रे'चा शब्दशः अर्थ 'माझ्याकडे भूक आहे'. इंग्रजीतून विचार करणारं मूल इथे 'मी भुकेला आहे' अशी रचना करून चुकतं. 'मला भूक लागली'ची सवय असलेल्या मुलासाठी भूक ही वेगळी वस्तू आधीपासूनच आहे.

विशेषणांचंही तेच. पांढरा घोडा, पांढरी गाय: काबायो ब्लांको, बाका ब्लांका. नामाबरोबर विशेषण बदलतं हे आपल्या मुलांच्या कानाला आधीच माहीत आहे. फक्त लिंगं दोनच आहेत आणि ती मराठीशी जुळतीलच असं नाही, एवढं सांगा.

टप्पा ७: सणांच्या चिठ्ठ्या नीट वाचा

या वर्गात सण म्हणजे सुट्टीचा दिवस नसतो. मोजणं, रंग, घरच्यांची नावं, भूतकाळ, हे सगळं सणाभोवती शिकवलं जातं. म्हणून चिठ्ठी दुर्लक्षित राहिली की मूल त्या आठवड्याच्या धड्याबाहेर पडतं.

वर्षाचा क्रम ढोबळमानाने असा. १५ सप्टेंबरला ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होन्दुरास, निकाराग्वा, कोस्टारिका यांचा स्वातंत्र्यदिन, १६ ला मेक्सिकोचा. १ आणि २ नोव्हेंबर, दिया दे मुएर्तोस. १६ ते २४ डिसेंबर, पोसादास, म्हणजे नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी. ६ जानेवारी, रेयेस, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा सण. ३० एप्रिल, मेक्सिकोतला बालदिन. ५ मे, सिन्को दे मायो. शेवटच्या तारखेला दर वर्षी कोणीतरी पालक शिक्षिकेला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देतो. ५ मे हा १८६२ साली मेक्सिकोने पुएब्ला शहरापाशी फ्रेंच सैन्यावर मिळवलेल्या विजयाचा दिवस आहे. आणि शिक्षिका मेक्सिकोची आहे असं धरून चालू नका. ती कोलंबियाची किंवा पेरूची असेल तर यातले काही सण तिच्या घरी नसतात. विचारा, तिला बरं वाटेल.

सगळ्यात जास्त गोंधळ नोव्हेंबरच्या ओफ्रेन्दाचा होतो. दिवंगत माणसांच्या आठवणीची ही मांडणी. टेबलावर पायऱ्या, त्यांवर फोटो, पाणी, मीठ, मेणबत्त्या, कातरकाम केलेले रंगीत कागद, पान दे मुएर्तो नावाचा गोड पाव, त्या माणसाच्या आवडीचा पदार्थ आणि भरपूर झेंडू. झेंडूला तिथे सेम्पासूचिल म्हणतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचाच.

चिठ्ठी ऑक्टोबरच्या मध्यावर येते. पुढची पावलं या क्रमाने टाका. घरात ठरवा, कोणाचा फोटो द्यायचा. मग मुलाला त्या माणसाबद्दल मराठीत दोन-तीन खऱ्या गोष्टी सांगा: पणजोबा चहा बशीत ओतून प्यायचे, आजी गजरा कसा करायची. फोटोची प्रत काढा, मागे नाव आणि नातं लिहा. शेवटी एक स्पॅनिश वाक्य तयार करून घ्या: 'आ मी आबुएलो ले गुस्ताबा एल ते', माझ्या आजोबांना चहा आवडायचा. पुन्हा तीच 'ला आवडायचं'ची घडण. आमच्या वर्गात एका मराठी मुलीने हे वाक्य म्हटलं तेव्हा मेक्सिकन आजी असलेल्या तीन मुलांनी लगेच आपापल्या आजीचं सांगायला सुरुवात केली. मला त्या सकाळचं फार मोल आहे.

जपा: जिवंत माणसाचा फोटो ओफ्रेन्दावर ठेवत नाहीत. कौटुंबिक फोटोत शेजारी आजी बसलेली असेल तर तो कापून किंवा दुसरा द्या; हार घातलेल्या फोटोचा अर्थ आपल्याला सांगावा लागत नाही. एकमेव मूळ फोटो शाळेत पाठवू नका. आणि याला हॅलोविनचा भाग समजून मुलाला भुताच्या कपड्यांत पाठवू नका. कवट्या असतात, पण साखरेच्या आणि हसऱ्या. पितृपक्षात आपण पान वाढतो त्या भावनेच्या हा सण जवळ आहे. घरात नुकतंच कोणी गेलं असेल आणि मुलाला जड जात असेल, तर शिक्षिकेला आधी कळवा. फोटोऐवजी फुलांचं काम मिळतं.

शाकाहारी घरांसाठी वेगळं सांगते. पान दे मुएर्तो आणि रोस्का, म्हणजे रेयेसला कापतात तो गोल गोड पाव, दोन्हींत अंडं असतं. तामालेस म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, त्यांच्या पिठात बहुधा डुकराची चरबी असते, तिला मान्तेका म्हणतात. बीन्स त्याच चरबीत आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. 'मांस नाही' एवढं ऐकून थांबू नका. लिहून द्या: 'मी इहो नो कोमे कार्ने, उएबो नी मान्तेका', मुलगी असेल तर 'मी इहा'. ६ जानेवारीच्या रोस्कामध्ये छोटी बाहुली लपवलेली असते, ती घशात अडकू शकते. धाकटं भावंड बरोबर असेल तर तुकडा मोडून बघा.

टप्पा ८: वर्गात दिवाळी मांडताना

शिक्षिकेला सप्टेंबरमध्येच विचारा. ऑक्टोबरच्या शेवटी ओफ्रेन्दाची धावपळ असते आणि दिवाळी त्याच दिवसांत येते. वीस मिनिटं मागा आणि एकच कृती करा. लोक सात गोष्टी घेऊन येतात: फराळ, गाणं, नाच, रामायण, साडी, दिवे, रांगोळी. मुलांच्या हाती काहीच लागत नाही.

माझ्या अनुभवात ठिपक्यांची रांगोळी उत्तम. मोठ्या कागदावर पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच ठिपके. मुलं ते स्पॅनिशमध्ये मोजतात, ओळीला 'फिला' म्हणतात, मग ठिपके जोडतात आणि खडूने रंगवतात. शिक्षिकेला गणिताचा तास मिळतो, म्हणून ती पुढच्या वर्षीही बोलावते. दुसरा पर्याय आकाशकंदील. रंगीत पातळ कागद वर्गात सणाच्या कातरकामासाठी आलेलाच असतो.

चार वाक्यं स्पॅनिशमध्ये तयार ठेवा आणि शिक्षिकेकडून तपासून घ्या. मराठी शब्द मात्र मराठीच ठेवा: रांगोळी, कंदील, पणती. मुलं ते आनंदाने म्हणतात. खरी ज्योत नाही, बॅटरीचे दिवे. घरचा फराळ बहुतेक शाळांत चालत नाही आणि शेंगदाणे-काजू तर नकोतच. पूजा करून दाखवू नका, सरकारी शाळेत ते बसत नाही.

इथे थांबून पाहा: तुमचं मूल स्वतः काय करणार आहे? ते प्रेक्षकांत बसून राहणार असेल तर बेत बदला. ठिपके मांडायचं काम त्याला द्या, दोन दिवस घरी सराव करून.

टप्पा ९: पालकसभेत नेमकं विचारा

'कसा आहे तो?' असं विचारलं की 'छान आहे' हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: सूचना कृती न दाखवता कळतात का? खेळताना कोणत्या भाषेत बोलतो? कोणत्या सिलाबांवर अडतो? मी घरी मराठीत वाचते, पुढच्या महिन्यात कोणता विषय आहे ते सांगाल का, म्हणजे त्यावर मराठीत बोलून ठेवीन. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. फुलपाखराचं जीवनचक्र मराठीत आधी समजलेलं मूल वर्गात 'मारिपोसा' ऐकलं की हात वर करतं.

जूनमध्ये शाळा सुटली की दहा आठवडे स्पॅनिश कानावर पडत नाही आणि सिलाबा खरोखर विसरल्या जातात. वाचनालयातून दर आठवड्याला तीन स्पॅनिश चित्रपुस्तकं आणा, मुलाने तुम्हाला वाचून दाखवावीत. अर्थ कळला नाही तर चित्र बघून मराठीत विचारा. त्याला समजावून सांगू द्या.